मावशीची उत्तरं

मे महिन्यातल्या दुपारी जळगावात शहाणा माणूस घराबाहेर पडत नाही. मीही ऑफिसात बसून पुण्याच्या सर्व्हरवरचं एक फोल्डर उघडायची वाट बघत होतो. आत केळीच्या पानांचे ५०,००० फोटो. ‘एलएस -एल’, म्हणजे फाइलींची तपशीलवार यादी दाखवणारी आज्ञा, टाइप केली, माठातलं पाणी पिऊन आलो, तरी पडदा कोराच.

तार धड होती, डिस्कही. खोट होती विचारण्यात. दूरच्या सर्व्हरवरच्या फाइली आपल्याच यंत्रावर असल्यासारख्या दाखवते ती एनएफएस. सन मायक्रोसिस्टीम्सनं १९८४ साली आणलेली ही व्यवस्था, यादी मागितली की नुसती नावं द्यायची. फाइल केवढी, कुणाची, कधीची, हे हवं असेल तर दर नावामागे वेगळी फेरी. एका फेरीला ५ मिलिसेकंद धरा. पापणीसुद्धा इतक्या लवकर लवत नाही. पण ५०,००० फेऱ्यांची चार मिनिटं होतात. त्यात एलएस सगळी नावं हाती आल्याशिवाय एकही दाखवत नाही, कारण त्याला ती आधी अकारविल्हे लावायची असतात.

आमचे वडील असेच. लग्नाहून आले की विचारावं, कोण भेटलं? “पाटलांचा मुलगा.” कोणता? “मधला.” काय करतो? “नोकरी.” कुठे? तोवर चहा निवतो.

अमळनेरच्या मावशीला मात्र “कोन कोन उनं?” एवढंच विचारायचं. नाव, गाव, कुणाचा जावई, आहेर काय केला, सगळं एका दमात. एनएफएसच्या १९९५च्या तिसऱ्या आवृत्तीत ही मावशी आली. नाव ‘रीडडिरप्लस’. नावांच्या गठ्ठ्याबरोबर प्रत्येकाची कुंडलीही त्याच फेरीत.

फाइली अनेक यंत्रांवर विखुरलेल्या असल्या तर आणखी पंचाईत. अनेक यंत्रांच्या डिस्का एकत्र जोडणाऱ्या ग्लस्टर या व्यवस्थेत एकच फोल्डर प्रत्येक यंत्रावर असतं, आणि यादी करताना एकाचं संपलं की दुसऱ्याकडे, अशी वरात निघायची. लग्नाचं आवतन द्यायला साऱ्या गावात एकच पोरगा पाठवावा तसं. २०१७च्या ३.१० आवृत्तीपासून सगळ्या यंत्रांना एकदम विचारायची सोय झाली. आळीगणिक एक पोरगा. हे सुचायला इतकी वर्षं का लागावीत, कुठल्याही यजमानानं सांगितलं असतं.

माझ्या फोल्डरचं दुखणं शेवटी माउंटच्या, म्हणजे सर्व्हरचं फोल्डर माझ्या यंत्राला जोडणाऱ्या, ओळीत सापडलं. कुणीतरी कधीकाळी तिथे ‘नोरडिरप्लस’ लिहून ठेवलं होतं. म्हणजे मावशीला गप्प बसवलेलं. त्यालाही कारण असणार. नुसती नावंच हवी असतील, तर प्रत्येक फाइलची नोंद डिस्कवरून उकरणं सर्व्हरला जड जातं. माझ्या यंत्रावरची लिनक्स ही प्रणाली खरं तर स्वतःच अंदाज घेते, नावांनंतर कुणी बाकीची चौकशी करतंय का बघते आणि त्याप्रमाणे विचारते. मी तो शब्द खोडला, पुन्हा माउंट केलं. या खेपेला माठापर्यंतही पोचलो नाही.

संध्याकाळी मावशीला फोन लावला. रविवारी वरण-बट्टीला तिच्याकडून किती जण येणार, एवढा आकडा हवा होता.

“थांब, सांगस,” ती म्हणाली.

सातव्या पाहुण्याच्या गुडघेदुखीपर्यंत आलो, तेव्हा वडिलांनी पेपरातून डोकं न काढता विचारलं, “किती?”