कोणाचं कोणावाचून अडतं : गावची जैवविविधता नोंदवही पुन्हा लिहिताना

आमच्या ग्रामपंचायतीच्या कपाटात लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातली झाडं, प्राणी, पिकं आणि त्यांच्याबद्दल लोकांना असलेली माहिती टिपून ठेवणारी वही, आधीपासून होती. अशा वह्या पूर्ण करायला राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत दिली होती आणि त्यानंतर राज्यांवर महिन्याला १० लाख रुपयांचा भुर्दंड बसणार होता, त्यामुळे सगळीकडे धावपळ उडाली. आमची वही बाहेरच्या एका संस्थेने भर उन्हाळ्याच्या तोंडावर करून दिली. गुळगुळीत कागद, रंगीत फोटो, आत आंबा, काजू, फणस, गाय, म्हैस. आणि गावच्या निम्म्याशिम्म्या जमिनीवर पसरलेल्या सड्याला, म्हणजे वरच्या सपाट कातळाला, एकच ओळ : ‘पडीक कातळ’.

आमचं गाव राजापूर तालुक्यातलं. खाली वाड्या, आगरं (नारळ-पोफळीच्या बागा), भातशेती आणि वर जांभ्या दगडाचा सपाट सडा. सातबाऱ्यावर तो पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी. कोणाला चिरेखाण, म्हणजे बांधकामासाठी जांभ्याचे चिरे कापायची खाण, काढायची असली किंवा कातळ फोडून, वर माती टाकून कलमं लावायची असली, की हीच नोंद पुढे केली जाते. तिथे काही नाहीच, तर नुकसान कसलं? गावच्या स्वतःच्या वहीतही तेच लिहिलेलं असेल तर आपण बोलणार कशाच्या जोरावर, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देईना.

कायद्याची आडकाठी नव्हती. २००२ च्या जैविक विविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते आणि गावकऱ्यांशी बोलून ही नोंदवही करणं हेच तिचं मुख्य काम. वही एकदा करून ठेवून द्यायची नसते, तिच्यात भर घालत राहायची असते. आम्ही ग्रामसभेत ठराव घेतला आणि ज्यांना खरंच माहीत आहे अशी माणसं कामाला घेतली. गुरं राखण्यात जन्म गेलेले तात्या, झाडपाल्याचं औषध देणाऱ्या काकी, सातेरी मधमाशांच्या पेट्या ठेवणारा एक मुलगा. तालुक्याच्या कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या मॅडम विद्यार्थ्यांना घेऊन आल्या. शास्त्रीय नावांची बाजू त्यांनी सांभाळली.

नोंदवहीचे तक्ते ठरलेले असतात. पिकं, फळझाडं, तण, किडी, औषधी वनस्पती, रानातले प्राणी, शिवाय गावचे लोक, भूभाग आणि पाणी यांची पानं. वाडीवाडीवर बसून पिकांचे तक्ते भरून झाले, त्याला वेळ लागला नाही. सड्यावर गेलो आणि तिथे सगळं थांबलं.

सडा महिन्यागणिक बदलतो. मे महिन्यात पाय ठेववत नाही इतका तापतो. मृगाचा पाऊस लागला की आठवड्यादोन आठवड्यांत दिपकाडीला पांढरी फुलं येतात. जमिनीत कंद असलेली ही वनस्पती पश्चिम किनाऱ्यालगतच्या अशा जांभ्या सड्यांचीच, जगात इतरत्र मिळत नाही. ऑगस्टमध्ये मॅडमनी पाइपची एक मीटर लांबरुंद चौकट कातळावर ठेवली आणि तिच्यात जे जे आहे ते सगळं मोजायला सांगितलं. खाली बोटभर माती, वर बोटभर पाणी, आणि त्यात सीतेच्या आसवांची दाट जांभळी फुलं. एक रोप अलगद उपटून पांढऱ्या ताटलीत पाण्यात ठेवलं तेव्हा खालच्या तंतूंवर मोहरीहून बारीक पिशव्या दिसल्या. पाण्यातले सूक्ष्म जीव या पिशव्यांत ओढले जातात आणि तिथेच जिरतात. इतक्या पातळ मातीत नत्र जवळजवळ नसतंच, ते या रोपाला अशा शिकारीतून मिळतं. चौकटीच्या कडेला गेंद नावाच्या बुटक्या रोपाची पांढरी बोंडं, एका खळग्यात बेडकाची पिल्लं. ऑक्टोबरात त्याच जागी त्याच खुणेवर चौकट ठेवली तर वाळत आलेलं गवत आणि बी धरलेलं कवल्याचं रोप. उन्हाळ्यात येऊन ‘पडीक’ लिहिणाऱ्यांना यातलं काही दिसणं शक्यच नव्हतं. ज्यांना आपल्या गावची वही करायची आहे त्यांनी निदान एक अख्खा पावसाळा हातात ठेवावा, हे माझं कळकळीचं सांगणं आहे.

दुसरी अडचण तक्त्यातच होती. प्रत्येक नावापुढे ‘उपयोग’ असा रकाना. सीतेच्या आसवांचा उपयोग काय लिहायचा? तो रकाना रिकामा राहिला की वाचणारा म्हणतो, बिनकामाची वनस्पती. आणि लोक जे सांगत होते ते रकान्यांत मावत नव्हतं. तात्या म्हणाले, “गुरां सड्यावर जायची बंद झाली तशी फुलां कमी झाली.” मला ते उलटं वाटलं. मॅडमनी समजावलं की बेताची चराई असली तर गवत ठेंगणं राहतं आणि बुटक्या रोपांना ऊन मिळतं, गवत माजलं की ती खाली गुदमरतात. कासच्या पठारावर कुंपण घातल्यावर हाच वाद उभा राहिला होता. म्हणजे आमचा सडा माणसाच्या हाताविना असा राहिलेला नाही. गुरं, गवताची कापणी, फेब्रुवारीतला वणवा या सगळ्यांचा त्याच्यावर हात फिरलेला आहे. त्यातला कुठला हात किती, हे एका वर्षात कळणारं नाही. मग आम्ही दोन तुकडे आखून घेतले, एकावर गुरं जातात, दुसऱ्यावर जात नाहीत, आणि दर ऑगस्टमध्ये दोन्हीकडे चौकट ठेवायची असं ठरवलं.

देवराईतही तेच. तिथे माडगरूड (धनेश पक्षी) विणीला येतो. त्याला ढोलीचं जुनं, जाड झाड हवं आणि वड, उंबर, काजऱ्याची फळं हवीत. काजरा माणसाला विषारी, म्हणून आमच्याकडे तो निःशंक तोडला जातो. पक्षी एका तक्त्यात, झाड दुसऱ्यात, तोडणारा तिसऱ्यात. शेवटी आम्ही छापील नमुन्याला स्वतःची पानं जोडली आणि वर लिहिलं : कोणाचं कोणावाचून अडतं. माझ्या मते वहीतला सगळ्यात मोलाचा भाग तोच आहे.

त्यातलं पहिलं पान पाण्याचं. जांभा सच्छिद्र असतो. सड्यावर पडलेला पाऊस त्यात मुरतो, खाली चिकण मातीचा थर लागला की आडवा सरकतो आणि सड्याच्या कडेला झरा होऊन बाहेर येतो. आमच्या खालच्या वाडीची आगरं त्याच झऱ्यावर आहेत. शेजारच्या बाजूला चिरेखाण झाल्यापासून झरा लवकर आटतो असं वाडीतल्या बायका सांगतात. खाणीमुळेच आटतो असं आम्ही लिहिलं नाही, कारण तसा पुरावा हाती नव्हता. कोणी सांगितलं, पूर्वी पाणी कुठवर पुरायचं, आता कुठवर पुरतं, एवढं लिहिलं. आणि झऱ्याखाली कळशी लावून ती भरायला किती वेळ लागतो ते दर पंधरवड्याला घड्याळ लावून नोंदवायला सुरुवात केली. हे काम दोन शाळकरी मुली करतात आणि फार चोख करतात.

काकींच्या औषधांचा मामला नाजूक होता. त्यांनी झाडं दाखवली, पण मात्रा सांगायला तयार नव्हत्या. “वहीत गेला की बाजारात गेला,” असं त्यांचं म्हणणं, आणि ते रास्त आहे. माहिती गोपनीय ठेवण्याची सोय नोंदवहीच्या नियमांतच आहे. आम्ही झाडाचं नाव आणि ते जपण्याची गरज एवढंच लिहिलं, बाकी काकींपाशीच ठेवलं. ज्याच्या डोक्यात ज्ञान आहे त्याच्या परवानगीवाचून एक शब्दही लिहू नये.

वही ग्रामसभेत वाचायला घेतली तेव्हा खरा गलका झाला. कोकणात बहुतेक सडे खाजगी मालकीचे. “नोंद झाली की सरकार जमीन घेणार,” ही भीती कितीतरी तोंडांतून बाहेर आली. ग्रामसेवकांनी स्पष्ट केलं की नोंदवहीने कोणाची मालकी जात नाही. तरी समजूत पटली ती झऱ्याचं पान वाचल्यावर. खालच्या वाडीतल्या बायका उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, हे पान राहिलंच पाहिजे. ठराव मंजूर झाला.

या वहीने चिरेखाण आपोआप थांबत नाही, तेवढी ताकद तिला कायद्यानेही नाही. पण आता खाणीला ना-हरकत दाखला मागणारा अर्ज आला की सड्याची पानं ग्रामसभेपुढे ठेवायची, असं ठरावातच लिहून घेतलं आहे. चढणीच्या माशांचं पान अजून कोरं आहे. पहिल्या पुरात वहाळातून वर चढणारे मासे अंडी घालायच्या आधीच पकडले जातात, त्यावर गावात दोन तट आहेत, आणि येत्या पावसाळ्यात दोन्ही बाजूंना एकत्र बसवून ते पान भरायचं आहे.