ओल्ड कोर्सची सोडत

स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स, म्हणजे तिथलं जुनं गोल्फचं मैदान, कुठल्याही क्लबच्या मालकीचं नाही. पहिल्या टीच्या (जिथून होलचा पहिला फटका मारतात त्या जागेच्या) मागे दगडी क्लबहाऊस दिसतं ते रॉयल अँड एन्शंट क्लबचं आणि तिथे सभासदांनाच प्रवेश, पण पुढची जमीन सार्वजनिक. समुद्राकाठच्या या वाळूमिश्रित कुरणावर गोल्फ खेळायचा गावकऱ्यांचा हक्क १५५२ सालच्या सनदेत नोंदलेला आहे. आज एक विश्वस्त संस्था गावातले सात कोर्स सांभाळते. त्यातल्या सगळ्यात जुन्यावर खेळायला ओळख लागत नाही, शिफारस लागत नाही. लागतो तो हॅंडिकॅपचा (खेळाडूची पातळी सांगणाऱ्या आकड्याचा) दाखला आणि सोडतीत निघालेलं नाव.

आपल्याकडे गोल्फ म्हणजे आधी एक फाटक. सभासद व्हा, सभासदाचे पाहुणे म्हणून जा, नाहीतर लष्करात कुणी जवळचं असावं लागतं. पुण्यात येरवड्याच्या कोर्सवर मीही पहिल्यांदा पाहुणा म्हणूनच गेलो. त्यामुळे वर्षानुवर्षं टीव्हीवर पाहिलेली जमीन कुणालाही खुली आहे हे कळल्यावर मला राहवेना. मुलगी एडिनबरोला शिकायला गेली आणि जायचं नक्की झालं.

पहिलं काम दाखल्याचं. हौशी खेळाडूंपैकी बरेच जण हॅंडिकॅप काढतच नाहीत, आणि मला हे फार चुकीचं वाटतं. २०२० पासून हॅंडिकॅपची जागतिक पद्धत आली आहे. सुरुवातीला ५४ होलची (टीपासून खळीपर्यंतचा एक टप्पा म्हणजे होल) फटके नोंदलेली कार्डं द्यायची, म्हणजे १८ होलच्या तीन फेऱ्या. प्रत्येक कार्डावर सोबतच्या खेळाडूची सही. पुढे शेवटच्या वीस फेऱ्यांतल्या सर्वोत्तम आठांची सरासरी धरतात. कोर्स किती अवघड आहे हेही त्या हिशेबात येतं, म्हणून पुण्यातला आकडा स्कॉटलंडमध्येही चालतो. अट एकच: प्रत्येक फटका मोजायचा. दोन फुटांचा पट (चेंडू खळीकडे घरंगळवायचा फटका) ‘झालाच’ म्हणून चेंडू उचलायचा नाही, झुडपात गेलेला चेंडू पायाने बाहेर सरकवायचा नाही. कार्डं भरायला लागल्यापासून माझा खेळ बदलला. त्याहून जास्त बदललं खेळ बघणं. रविवारी रात्री साडेअकरापर्यंत ओपन ही मोठी स्पर्धा बघत बसायचो, तेव्हा आधी लांब ड्राइव्ह (टीवरून मारलेले फटके) आवडायचे. आता चार फुटांच्या पटला माझा श्वास अडकतो. २०२३ च्या ओपनमध्ये हॉयलेकला भारताचा शुभंकर शर्मा संयुक्त आठवा आला. त्याने किती पार (होलसाठी ठरलेले फटके) असे छोटे पट घालून वाचवले, ते मी मोजत बसलो होतो.

ओल्ड कोर्सवर जायच्या वाटा काही आहेत. टूर कंपन्यांची पॅकेजं मिळतात, ती महाग. दोघं किंवा अधिक जण असाल तर दोन दिवस आधीच्या सोडतीत नावं देता येतात. एकट्याला मात्र स्वतः तिथे जाऊन आदल्या दिवशी नोंद करावी लागते. पूर्वी एकटे खेळाडू रात्रभर पॅव्हेलियनबाहेर रांगेत बसत. थंडीवाऱ्यात स्लीपिंग बॅग घेऊन आलेल्यांच्या गोष्टी मी वाचल्या होत्या. २०२४ पासून रांग बंद झाली आणि एकट्यांचीही रोज सोडत निघू लागली. रांगेत एक मजा असेल, नाही म्हणत नाही. पण साठीच्या माणसालाही तरुणाइतकीच संधी देणारी सोडत मला जास्त न्याय्य वाटते.

एडिनबरोहून ल्यूकर्सपर्यंत रेल्वे, तिथून बस. मी थेट नोंदणीच्या खिडकीवर गेलो. दाखला पाहिला, ओळखपत्र पाहिलं, नाव लिहून घेतलं. पुण्याहून आलोय म्हटल्यावर तिथल्या बाईंनी पावसाळ्यात आमचं गवत कसं असतं ते विचारलं. संध्याकाळी निरोप आला: नाव निघालं नाही. पुन्हा नोंद केली, पुन्हा नाही.

मधे रविवार आला. रविवारी ओल्ड कोर्स बंद असतो आणि तो दिवस गावाचा. लोक कुत्री फिरवतात, मुलं पळतात, पहिल्या आणि अठराव्या होलची सामाईक फेअरवे (कापलेल्या गवताची पट्टी) आडवी ओलांडून समुद्राकडे जातात. खेळायचं असो नसो, इथे जाणाऱ्याने रविवार चुकवू नये. मुलीबरोबर मी पूर्ण कोर्स चाललो आणि टीव्ही काय काय दाखवत नाही ते तेव्हा कळलं. पडद्यावर ही जमीन सपाट दिसते. प्रत्यक्षात ती सगळी उंचसखल आहे. पायाखाली एकसारखी जागा मिळत नाही, आणि ११२ बंकरपैकी (वाळूच्या खड्ड्यांपैकी) कित्येक टीवरून दिसतच नाहीत. २००० साली टायगर वुड्सने चार दिवसांत एकदाही बंकरमध्ये न जाता इथली ओपन जिंकली, पारपेक्षा १९ फटके कमी घेऊन. हे वाक्य मी कितीदा तरी ऐकलं होतं. चौदाव्या होलवर ‘हेल’ नावाच्या बंकरच्या काठावर उभं राहिल्यावर त्या पराक्रमाचं माप हाती आलं. त्याची पुढची भिंत माझ्या डोक्याच्या वर होती.

नंतरच्या सोडतीत नाव निघालं. मुलीने फोनवरचा निरोप मोठ्याने वाचला आणि आम्ही दोघंही भर रस्त्यात ओरडलो. उन्हाळ्यात तिथे रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे दुपारनंतरची वेळही चालते. फी ३०० पौंडांच्या वर, कॅडीचे (पिशवी उचलणाऱ्या, वाट सांगणाऱ्या सोबत्याचे) पैसे वेगळे. कॅडी जरूर घ्यावा. इतर कुठल्या कोर्सवर मी हे इतकं ठासून सांगणार नाही, पण इथे कुठे मारायचं हे डोळ्यांना दिसतच नाही.

माझी गाठ तिघांशी घालून दिली. बाप-लेक कॅनडाचे आणि एक डच बाई. खेळ सुरू करून देणाऱ्या स्टार्टरने नाव पुकारलं, अगदी स्पष्ट उच्चारात. पहिल्या टीच्या कठड्याला टेकून दहा-पंधरा लोक उभे होते, त्यांनी प्रत्येकाच्या फटक्याला टाळ्या वाजवल्या. फेअरवे डोळ्यांत मावणार नाही इतकी रुंद, पण ग्रीनच्या (खळीभोवतीच्या आखूड गवताच्या) पुढ्यात स्विल्कन ओढा. दुसरा फटका त्याच्यापलीकडे टाकावाच लागतो. माझा पडला. तो आवाज अजून कानात आहे.

इथली खरी गंमत ग्रीनवर. चारच होलना स्वतःची ग्रीन आहे, बाकी चौदा होल सात जोड-ग्रीनवर. जोडीतल्या आकड्यांची बेरीज नेहमी १८: दुसरा-सोळावा, तिसरा-पंधरावा, असं. जाताना पांढरे झेंडे, येताना लाल. एका ग्रीनवर मला तीस-पस्तीस यार्डांचा पट आला. कॅडी झेंड्यापासून बराच डावीकडे जाऊन उभा राहिला आणि माझ्या पायाशी मार म्हणाला. चेंडू चढला, वळला आणि झेंड्याच्या दिशेने उतरत गेला. २०२२ च्या इथल्याच ओपनमध्ये रोरी मॅकिलरॉयने शेवटच्या दिवशी बरोबर ३६ पट घेतले आणि कॅमेरॉन स्मिथने त्याला मागे टाकलं. तेव्हा आम्ही घरात बसून ‘एक तरी घालायला हवा होता’ म्हणत होतो. अशा ग्रीनवर अठराच्या अठरा वेळा दोन पटमध्ये काम संपवणं केवढं मोठं, ते मला त्या एका पटने शिकवलं.

सतराव्या होलची टी म्हणजे पुढ्यात हॉटेलच्या आवारातली हिरवी शेड. तिच्यावर हॉटेलचं नाव मोठ्या अक्षरांत रंगवलंय आणि कॅडी कुठल्या अक्षरावरून मारायचं ते सांगतो. आंधळा फटका, पलीकडे चेंडू कुठे पडेल ते दिसत नाही. ग्रीनच्या डाव्या पोटात रोड बंकर, मागे खराखुरा रस्ता आणि दगडी भिंत. रस्त्यावर गेलात तर तिथूनच खेळायचं, सूट नाही. १९७८ मध्ये जपानच्या नाकाजिमाचा चेंडू पट मारताना त्या बंकरमध्ये घरंगळला आणि होलवर ९ फटके झाले. स्मिथने मात्र २०२२ मध्ये बंकरला वळसा घालणारा पट मारून पार वाचवला. मी त्याच बाजूला, बंकरच्या अलीकडे होतो. कॅडीला विचारलं, स्मिथची रेषा कोणती? त्याने क्लबच्या टोकाने ती गवतावर दाखवली. मी तिच्यावरून मारलं आणि चेंडू ग्रीनवर राहिला. दोन पट, बोगी, म्हणजे पारपेक्षा एक फटका जास्त. सतराव्यावरच्या बोगीचा आनंद काय असतो ते तिथे खेळलेला माणूसच जाणे.

अठराव्यावर ग्रीनपुढच्या खोलगट भागातून कॅनडाच्या पोराने लांबलचक पट घातला. कठड्यावरच्या अनोळखी लोकांनी त्याच्या बापाचंही अभिनंदन केलं. चौघांनी टोप्या काढून हात मिळवले, कार्डावर एकमेकांच्या सह्या घेतल्या. ते कार्ड मी परत आल्यावर हॅंडिकॅपसाठी रीतसर नोंदवलं.

जाणाऱ्यांसाठी एवढंच: दाखला ताजा आणि छापील जवळ ठेवा, नोंदीचे नियम निघण्यापूर्वी तपासा, आणि मुक्काम असा ठेवा की नाव दोन-तीनदा निघालं नाही तरी परतीची घाई होणार नाही. वाट बघताना गावातले बाकीचे कोर्स खेळा, तेही सुंदर आहेत. २०२७ च्या जुलैत ओपन पुन्हा ओल्ड कोर्सवर आहे. तिकिटांसाठीही अर्ज करणार आहे. मिळालं तर चारही दिवस सतराव्या ग्रीनच्या मागे, भिंतीजवळ जागा धरायची, आणि प्रत्येक जण बंकरच्या कुठल्या बाजूने येतो ते बघायचं.