निप्पारा गुहा: टोकियोहून थंडीतली एक दिवसाची भटकंती

टोकियोच्या पश्चिम टोकाला ओकुतामा म्हणून डोंगराळ भाग आहे, तिथली निप्पाराची चुनखडीची गुहा जानेवारीत बघून आलो. एवढ्या थंडीत गुहेत कशाला असं ऑफिसात सगळ्यांनी विचारलं, पण आत बारा महिने ११ अंशाच्या आसपास तापमान असतं, म्हणजे उन्हाळ्यात लोक जिथे कुडकुडतात तिथेच आत शिरल्यावर आम्ही जॅकेटची चेन उघडली. आणि गर्दी अजिबात नाही.

शिंजुकूहून ओकुतामा स्टेशन साधारण दोन तास, ओमेला गाडी बदलायची. स्टेशनला लागूनच चुनखडीचा मोठा कारखाना दिसेल, १९४४ मध्ये रूळ इथपर्यंत आणले तेच मुळात ही चुनखडी वाहून न्यायला.

पुढे बस, आणि खरी मेख इथेच आहे. शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी बस हिगाशी-निप्पारा गावापर्यंतच जाते, तिथून रस्त्याने पंचवीसेक मिनिटं चालायचं आणि सावलीतल्या वळणांवर बर्फ गोठलेला असतो, त्यामुळे जमत असेल तर सरळ वीकडेला रजा टाका, तेव्हा बस गुहेजवळ सोडते. बसेस मोजक्याच आहेत, परतीची वेळ उतरतानाच स्टॉपवर बघून फोटो काढून ठेवा. डिसेंबर ते मार्च गुहा साडेचारला बंद होते, आणि ३० डिसेंबर ते ३ जानेवारी पूर्ण बंद.

आत फिरायला चाळीसेक मिनिटं लागतात. सुरुवातीला वाट अरुंद आणि छत खाली, सहा फुटी माणसाने डोकं सांभाळावं, मग एकदम मोठं दालन उघडतं आणि माणूस बघतच राहतो. ही जुनी तपश्चर्येची जागा, त्यामुळे नावंही तशीच, एक कोपरा कोबो दाईशी या जुन्या जपानी बौद्ध संताची अभ्यासाची खोली, एक साई-नो-कावारा, म्हणजे जपानी समजुतीप्रमाणे मेलेली लहान मुलं जिथे दगडांच्या उतरंडी रचतात तो नदीकाठ, आणि लोकांनी खरंच तिथे दगड रचून ठेवलेत. त्यावर जांभळे-हिरवे एलईडी सोडायची काय गरज होती कळत नाही, गणपतीच्या मांडवात शिरल्यासारखं वाटतं! नव्या भागाकडे जाणारे जिने मात्र खडे आणि ओले आहेत, गुडघे दुखत असतील किंवा कडेवर बाळ असेल तर तो भाग सोडा, खालचं दालन बघितलं तरी पैसे वसूल.

बूट ग्रिपवाले हवेत, हातमोजे असे की ओला कठडा धरता येईल, रोख येन जवळ ठेवा. खायचं आधीच घेऊन जा, व्हेज असाल तर नक्कीच, आम्ही थेपले आणि थर्मासमध्ये चहा नेला होता. आणि परत स्टेशनवर आल्यावर वेळ उरला तर चालत दहा मिनिटांवर मोएगी-नो-यू हे ओनसेन, म्हणजे गरम झऱ्याच्या पाण्याचं स्नानगृह आहे, टॉवेल बरोबर ठेवा, फक्त सोमवारी बंद असतं.