ओढ्याकाठच्या खडकांत एपिडोट ओळखताना

डोंगराच्या पायथ्याशी ओढ्याने उघड्या पाडलेल्या रूपांतरित खडकांत एपिडोटसारखी हिरवी सिलिकेट (सिलिकॉन व ऑक्सिजन असलेली) खनिजे पाहायला आम्ही तिघे सकाळी पोहोचलो. थोड्याच वेळात गारगोटीच्या एका शिरेलगत पिस्त्याच्या रंगाचे, बोटाच्या पेराएवढे लांबट स्फटिक दिसले. त्यांवर लांबीच्या दिशेने बारीक रेघा होत्या, एवढ्यावरून मी वहीत ‘टूर्मलीन’ (असेच रेघाळ, लांबट स्फटिकांचे दुसरे खनिज) लिहून मोकळा झालो.

ती नोंद अर्ध्या तासात खोडावी लागली. तुटलेला एक तुकडा दहापट भिंगाखाली धरून उन्हात किंचित फिरवला, तेव्हा त्याची लांबीला समांतर असलेली सपाट बाजू एकदम आरशासारखी लखलखली. हे पाटन (खनिजाचा ठरावीक दिशेने सपाट फुटण्याचा गुण) होते आणि टूर्मलीनला असे स्पष्ट पाटन नसते. शिवाय टूर्मलीनचा आडवा छेद बहुधा फुगीर बाजूंच्या त्रिकोणासारखा असतो. मग एक पातळ कपची उजेडासमोर धरली, तर एका बाजूने ती हिरवी आणि दुसऱ्या बाजूने पिवळट तपकिरी दिसली. दिशेनुसार रंग बदलण्याची ही बहुवर्णिकता टूर्मलीनमध्येही ठळक असते, म्हणून तेवढ्यावर विसंबू नये. परंतु पाटनाच्या जोडीला तो पिस्ता रंग आल्यावर एपिडोटबद्दल शंका उरली नाही.

मागून जाणाऱ्यांनी पोलादी चाकू जरूर न्यावा. एपिडोटची कठिनता (१ ते १० च्या मोस श्रेणीत) ६ ते ७ असल्याने त्यावर साध्या चाकूचा ओरखडा सहसा उठत नाही, तर क्लोराइट हे दुसरे हिरवे खनिज २ ते २.५ कठिनतेचे असल्याने नखानेही खरवडते. ॲक्टिनोलाइट हे तिसरे हिरवे खनिज मात्र ५ ते ६ कठिनतेचे असल्याने तेथे चाकू फसवू शकतो. त्याची सुमारे ५६ आणि १२४ अंशांत छेदणारी दोन पाटने भिंगातून शोधावीत. कस (खनिज घासल्यावर उमटणाऱ्या भुकटीचा रंग) पाहण्यात आम्ही उगाच वेळ घालवला, कारण तो फिकट येतो आणि त्यावरून फारसे काही ठरत नाही. त्यापेक्षा तळहातावर वजन तोलावे: एपिडोटचे विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या तुलनेत घनता) सुमारे ३.४, तर गारगोटीचे २.६५ असते.

सावलीतल्या खडकांवरचे हिरवट दगडफूल लांबून एपिडोटच्या पुटासारखे दिसते (आम्ही त्याचे फोटोही काढले!), म्हणून आधी पाणी व ब्रश वापरावा. हातोडी परवानगी असेल तेथेच, तीही सुट्या दगडांवर आणि डोळ्यांवर चष्मा चढवूनच चालवावी. नमुना घेताना नुसता स्फटिक न उचलता त्याला चिकटलेला मूळ खडकही ठेवावा, कारण सोबतची खनिजे पाहूनच घरी पुष्कळदा ओळख पक्की होते.