आईच्या बाजूचा काटा

रविवार, रात्री

आज बाबांच्या जुन्या गाडीसाठी तिसरं गिऱ्हाईक येऊन गेलं. पहिल्या दोघांबद्दल लिहायचं राहिलंय, ते आधी उरकतो.

पहिले रिसॉर्टवाले. लग्नात नवरा-नवरीला मिरवायला ‘विंटेज’ हवी होती. दोन सीटची गाडी बघून म्हणाले, “मग करवली कुठे बसणार?” प्रश्न रास्त होता. शिवाय २०२१च्या नियमांप्रमाणे विंटेज म्हणून नोंदलेली गाडी धंद्याला लावता येत नाही, हे सांगितल्यावर चहा पिऊन गेले. दुसरा फोनवरचा दलाल. “कंडिशन शोरूम आहे ना, साहेब?” म्हटलं, हिला शोरूम बघून पंचाहत्तर वर्षं झाली. त्याने जुन्या फियाटचा भाव सांगितला. फोन ठेवला.

विकायची वेळ आली ती सोसायटीच्या रीडेव्हलपमेंटमुळे. तीन वर्षं भाड्याच्या फ्लॅटमध्ये काढायची, एकच पार्किंग, आणि नवी इमारत झाली की गाड्या लोखंडी पाळण्यात एकावर एक चढवायच्या. १९४८ची एम.जी. टीसी, इंग्लंडची उघडी स्पोर्ट्सकार, त्या पाळण्यात चढवायची कल्पनाच मला सहन होईना.

बाबांनी ती १९७७ साली वानवडीतल्या एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याच्या बंगल्यातून आणली. आणली म्हणजे टेम्पोमागे दोर बांधून ओढत. कित्येक वर्षं चिंचेखाली उभी होती. टप कुजलेला, सीटखाली मांजरीची पिल्लं. आई आजही सांगते, “ह्यांनी पिल्लं त्या माळ्याला दिली आणि गाडी घरी आणली. उलटं करायला हवं होतं.”

तर आजचे गृहस्थ. मुंबईचे, सत्तरीचे, सोबत ड्रायव्हर आणि एक जाडजूड टॉर्च. मी सकाळपासून गाडी पुसून, क्रोमला पॉलिश मारून तयार. लाल रंग असा चकाकत होता की समोरच्या बाल्कनीतली तुळस त्यात दिसत होती. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, “कारखान्यातून निघाली तेव्हासुद्धा इतकी चकाकत नसेल.” मी खूश होऊन “थँक यू” म्हणालो. ती तक्रार होती हे दहा मिनिटांनी कळलं.

मग ते चक्क जमिनीवर आडवे झाले. इस्त्रीच्या पँटीसकट. पुढच्या डाव्या बाजूला चॅसीच्या, म्हणजे गाडीखालच्या लोखंडी चौकटीच्या, टोकावर टॉर्च धरून विचारलं, “इथे नंबर असतो. तुम्ही रंगवलाय. थिनर आहे?” थिनरचा बोळा लावून त्यांनी नखाएवढा रंग इतक्या हळू घासून काढला की जणू बाळाचा कान पुसतायत. आधी टी दिसला, मग सी, मग आकडे. टीसीचे नंबर एकपासून सुरू होत नाहीत, ०२५१पासून होतात. इंग्लंडातल्या ॲबिंग्डनच्या एम.जी. कारखान्याचा फोन नंबर २५१ होता म्हणून. साधारण दहा हजार गाड्या निघाल्या, १९४५ ते १९४९ या काळात. सगळ्या उजव्या स्टिअरिंगच्या, अमेरिकेला गेल्या त्यासुद्धा.

उठून त्यांनी डॅशबोर्डखाली हात घातला, टॉर्च मारली. “ही हिरवी होती.” आतल्या कोपऱ्यात, जिथे आमच्या पेंटरचा गन पोचला नव्हता, तिथे बोटभर हिरवा रंग शिल्लक. मला आयुष्यभर ही गाडी लालच वाटत होती. बाबांना लाल आवडायचा, एवढंच त्याचं कारण.

आणि मग दाराचा खांब. टीसीची बॉडी म्हणजे ॲशच्या लाकडाचा सांगाडा आणि त्यावर ठोकलेला पत्रा. आमचा ॲश वाळवीने खाऊन पार भुसा केलेला. त्याच सुमारास शनिवार पेठेतला आमचा वाडा पाडत होते, तेव्हा बाबांनी माजघराची एक तुळई उचलून आणली आणि सुताराला जुने तुकडे नमुन्याला देऊन अख्खा सांगाडा सागात करून घेतला. मी हे गिऱ्हाइकाला मोठ्या अभिमानाने सांगायचं ठरवलं होतं. सांगितलंही. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, “सागाचे पैसे मी कापणार.”

राग आला. अजूनही आहे थोडा.

जाताना सहज विचारतात, “काढलेलं सामान काय केलंत?” माळ्यावर एक ट्रंक आहे म्हटलं. भंगारात घालायची राहून गेलेली. मग जे झालं ते बघण्यासारखं होतं. मघाशी चकाकत्या गाडीसमोर जो माणूस भुवईसुद्धा हलवत नव्हता, तो त्या ट्रंकेपुढे मांडी घालून बसला. लुकासचा डायनामो, गंजलेला वायपर, एसयू कार्बोरेटरचं पितळी झाकण, आणि तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेले ते वाळवी लागलेले ॲशचे तुकडे, बाबांच्या पेन्सिलीने ‘डावा दरवाजा, मागचा’ असं लिहिलेले. त्यांनी एकेक तुकडा उजेडात धरून पाहिला. मी ज्यावर अकरा वर्षांचे रविवार घातले त्याची किंमत त्यांनी कापली, आणि जे फेकायचा आळस केला त्याची वाढवून दिली. आकडा इथे लिहीत नाही. आई ही वही वाचते.

बुधवार

गाडी त्यांच्या नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३०वर सह्या झाल्या. नंबर जुना, मुंबई राज्याच्या वेळचा, तोच राहणार. बरं वाटलं.

अडलं ते बाबांच्या वहीवर. शंभर पानी, खाकी पुठ्ठ्याची. त्यात १९७७ सालचा चॅसी नंबरचा पेन्सिल-ठसा चिकटवलेला आहे, आरटीओला देतात तसा. गृहस्थांनी रविवारी तो थिनरने काढलेल्या आकड्यांशी ताडून पाहिला होता. आज फोनवर म्हणाले, “वही गाडीबरोबर यायला हवी. कागदाशिवाय गाडी म्हणजे नुसता पत्रा.” त्यांचं चूक नाही. उद्या त्यांनी ती पुढे कुणाला विकली, तर ही खरी टीसी की चार गाड्यांचं कडबोळं, हे सांगायला ती वहीच आहे.

पण ती वही उघडली की एका पानावर ‘किंगपिन, बुश ४, लेथचे १८ रु.’ आणि समोरच्या पानावर आईच्या अक्षरात ‘तूरडाळ दोन किलो, साबुदाणा, उदबत्ती’. एकच वही दोघं वापरत होते. काही पानांवर तर बाबांनी वाणसामानाच्या बेरजेखालीच हेड गॅस्केटचे पैसे मिळवलेत. महिनाअखेरीला काय झालं असेल ते बेरीजच सांगते.

वही देत नाही म्हणालो. पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाले, “रंगीत झेरॉक्स करा. ठशाचं पान मात्र मूळचं द्या.” दिलं. ब्लेडने कापताना मागच्या बाजूचा साबुदाणाही गेला.

शनिवार, पहाट होऊन गेलीये

आईला फेरी मारून आणली. एकोणऐंशी वर्षांच्या बाईला टीसीत बसवणं म्हणजे सर्कस आहे. दार मागे उघडतं, पायरी अरुंद, पण ती बसली. किल्ली फिरवली, पेट्रोल पंपाची टिकटिक सुरू झाली, फ्लोट भरला तशी थांबली. चोक ओढला, मग स्टार्टरचा नॉब. दुसऱ्या ओढीत लागली.

या गाडीची एक गंमत आहे. ड्रायव्हरसमोर असतो तो इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारा काटा. वेगाचा काटा असतो शेजारच्या माणसापुढे. त्यामुळे आमच्या घरी बाबा गाडी चालवायचे आणि वेग आई सांगायची. मैलांमध्ये. मी मधे, गिअरबॉक्सच्या उंचवट्यावर, दोघांच्या मांड्यांत दाबलेला. खंडाळ्याला जाताना आई “चाळीस” म्हणाली की बाबा पाय थोडा सैल करायचे. आकड्यात नव्हे, आवाजात काय आहे ते त्यांना कळायचं.

प्रभात रोड रिकामा होता. डावीकडे आई काट्याकडे बघत बसलेली, पदर कानावरून घट्ट घेतलेला. “पंचवीस,” म्हणाली. लॉ कॉलेज रस्त्याला लागलो तशी “पस्तीस. हळू.” मग घर येईपर्यंत काही नाही.

दहा वाजता ट्रक आला. चढवताना ड्रायव्हर म्हणाला, “गाडी हलकी आहे, साहेब.” आई वरून बघत नव्हती, कुकरच्या शिट्ट्या मात्र नेहमीपेक्षा जास्त झाल्या.

शुक्रवार

रात्री साडेनऊला मुंबईहून त्यांच्या मिस्त्रीचा फोन. सर्व्हिसिंगला काढलीये. “साहेब, टॅपेट कव्हरपाशी एक बोल्ट गेलाय. इंची बोल्ट टाकतोय तर दोन आट्यांत अडकतोय. एमएमचा घेतला तर आटा धरतो, पण डोक्याला पाना बसत नाही. हे काय प्रकरण आहे?”

मी हसलो, कारण बाबांचंही हेच झालं होतं. पिंपरीच्या कारखान्यात टूलरूमला होते, तरी आठवडाभर चक्रावले. हे इंजिन ज्या कारखान्यात जन्मलं, तो कॉव्हेंट्रीचा कारखाना मुळात हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा. पहिल्या महायुद्धात तिथे बंदुका व्हायच्या. १९२३मध्ये मॉरिस या इंग्लिश मोटार कारखानदाराने तो घेतला तेव्हा यंत्रं सगळी फ्रेंच मापाची. ती बदलायची म्हणजे खर्च. म्हणून आटे मेट्रिकच ठेवले, आणि इंग्लंडातल्या मिस्त्रींच्या हातात जे पाने होते ते बसावेत म्हणून बोल्टची डोकी मात्र व्हिटवर्थच्या, म्हणजे जुन्या इंग्लिश इंची मापाची केली. अंग फ्रेंच, डोकं इंग्लिश. बाजारात असा बोल्ट मिळत नाही. बाबा लेथवर करून घ्यायचे.

मिस्त्रीला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, “बोल्ट करून घेतो साहेब. पण पाना? ट्रंकेत सगळं आहे, व्हिटवर्थचा छोटा पाना तेवढा नाही.”

“बघतो,” म्हणालो.

बघायची गरज नव्हती. दाराच्या मागे, किल्ल्यांच्या खिळ्याला, सुतळीत ओवलेला लटकतोय. मधोमध बाबांच्या अंगठ्याने गुळगुळीत झालेला. ट्रंक भरताना मी तो तीनदा हातात घेतला होता.

उद्या कुरियर करायला हवा. उद्या शनिवार, अर्धा दिवस असतो त्यांचा. सोमवारी बघू.