रेघेखालचं घर

पुरुषोत्तम करंडकासाठी, म्हणजे पुण्यातल्या महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेसाठी, दोन वर्षं भरत नाट्य मंदिरात उतरलेलो आम्ही अकरा जण. विंगेत थांबायचं, क्यू आला की प्रकाशात यायचं, वाक्य शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचं, एवढं अंगात मुरलेलं. तिसऱ्या वर्षी मात्र आम्हाला नारायण पेठेतला एक जुना वाडा मिळाला. तो पुनर्विकासाला जाणार होता, एक बिऱ्हाड सोडलं तर सगळे भाडेकरू हललेले. मालक काकांनी दीड महिना वापरायला दिला. अट एकच: वरच्या मजल्यावर एका वेळी आठापेक्षा जास्त माणसं चढवायची नाहीत. तुळया थकल्या होत्या.

माजघराच्या भिंतीवर, माझ्या डोक्याच्याही हातभर वर, खिळ्याने ओढलेली एक आडवी रेघ होती. शेजारी कोरलेलं: १२-७-६१. त्या दिवशी सकाळी पानशेतचं धरण फुटलं, त्या पाण्याने खाली खडकवासल्याचंही धरण फोडलं आणि मुठेकाठच्या पेठा बुडाल्या. पुण्यात वाढलेल्या प्रत्येकाने घरात कुणाकडून तरी हे ऐकलेलं असतं. आम्हीही ऐकलं होतं. पण रेघेखाली उभं राहून हात वर केला आणि बोट जेमतेम तिथवर पोचलं, तेव्हा सगळे गप्प झालो. विषय तिथेच ठरला.

पहिले दोन आठवडे आम्ही पूर ‘दाखवायचा’ प्रयत्न केला. निळं कापड, ढोल, धूर, किंकाळ्या. चौकात ते कसंबसं खपायचं, माजघरात अजिबात नाही. प्रेक्षक तीन हातांवर उभा असताना ओरडून म्हटलेलं वाक्य खोटं वाटतं, आणि खऱ्या भिंतीसमोर निळं कापड म्हणजे नुसतं कापड दिसतं. शिवाय आमचे संवाद वाड्यात लिहिलेलेच नव्हते, ते कॉलेजच्या कँटीनमधून आणले होते.

मार्ग निघाला तो मागच्या बिऱ्हाडातल्या आजींमुळे. पुराच्या वेळी त्या नऊ वर्षांच्या होत्या. आम्ही पाण्याबद्दल विचारत राहिलो, तर म्हणाल्या, “पाणी मी पाहिलंच नाही रे. आम्हाला आधीच पर्वतीवर नेलं होतं. मला आठवतो तो चिखल.” परत आल्या तेव्हा घरात गुडघाभर गाळ. चार वाड्यांची भांडी एका चौकात येऊन पडलेली. मग बायकांनी एकेक भांडं पुसून त्यावर घातलेलं नाव वाचायचं आणि मोठ्याने हाक द्यायची, जिचं असेल तिने पुढे येऊन न्यायचं. “आईची कळशी तिसऱ्या वाड्यातून परत आली. दोन पातेली आलीच नाहीत.”

त्या रात्री पुराचा सगळा प्रवेश आम्ही काढून टाकला. नाटक आता पूर ओसरल्यानंतरच्या दिवसांचं झालं.

जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी फिरून वजनावर मिळणारी पितळी भांडी गोळा केली, नावं घातलेलीच निवडून. काहींवर नुसतं नाव आणि सन, काहींवर ‘सप्रेम भेट’. भांड्यांवर चिखल बसवणं हे काम वाटलं त्यापेक्षा अवघड निघालं. नुसती काळी माती वाळली की पापुद्रे धरून गळायची. निम्मी शाडू मिसळली तेव्हा कुठे ती कोरलेल्या अक्षरांत जाऊन बसली आणि ओल्या फडक्याने हळूहळू निघायला लागली. अक्षरं एकदम दिसता कामा नयेत, हे आम्हाला फार महत्त्वाचं होतं.

मधे संहितेचा प्रश्न आला. प्रयोग जाहीर करायचा तर नाटकाची संहिता तपासून परवानगी देणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाकडे ती द्यावी लागते, आणि आमच्याकडे तर तालमीत सुचत गेलेली वाक्यं होती. मग रोजची तालीम मोबाइलवर रेकॉर्ड करून रात्री उतरवायला लागलो. कागदावर आल्यावर कळलं की निम्मी वाक्यं एकमेकांची री ओढणारी होती. ती गेली.

पहिल्या रंगीत तालमीला मित्रमंडळी बोलावली, आठ-आठ जणांचे तीन गट. सगळे भिंतीला चिकटून उभे, संग्रहालयात असल्यासारखे. “कृपया एक भांडं उचला” म्हटलं तरी कुणी हात लावेना. दुसऱ्या दिवशी आमच्यातल्या एकीने वाक्यच बदललं. घाईघाईने कळशी समोरच्याच्या हातात दिली, “धरा जरा” म्हणाली आणि पाठ फिरवून फडकं शोधायला लागली. त्याने धरली. घरात असंच होतं ना, कोण विचारत बसतं!

पण आता लोक पुसत बसले की उठायचेच नाहीत, आणि मागचा गट येऊन आदळायचा. रंगमंचावर वेळ आमच्या हातात असायचा, इथे तो पुसणाऱ्याच्या हातात होता. घड्याळं नाटकात चालली नसती, मोबाइल तर नाहीच. शेवटी मागच्या आडाचा रहाट कामी आला: एकदा करकरला की गट पुढे सोडा, तीनदा करकरला की दिंडी दरवाजातच थांबवा. वाडाभर ऐकू जायचा आणि वाड्याचाच आवाज वाटायचा.

पाच दिवस प्रयोग झाले. शेवटच्या संध्याकाळी आजी आल्या. मुलीने नेहमीसारखं “धरा जरा” म्हणत त्यांच्या हातात पातेलं दिलं. त्यांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं, फडकं बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, “असं नाही निघायचं. चिंच आण, थोडी राख आण.” पदर खोचून त्या रेघेखाली बसल्या. बाकीचे सातही जण आपापली भांडी घेऊन त्यांच्याभोवती खाली बसले. संहितेत यातलं काही नव्हतं. माझी पाळी आडापाशी होती, दारातून मला हे दिसत होतं. मी रहाट तीनदा फिरवला.