फुल पेज खुलासा

नागपुरात धंतोलीत माझी छोटी अ‍ॅड एजन्सी आहे. जाहीर नोटीस, श्रद्धांजली, वाढदिवसाच्या शुभेच्छा, आणि अधूनमधून ‘खुलासा’. खुलासा म्हणजे आमच्या धंद्यातली मलई. पार्टी घाबरलेली असते, रेटवर घासाघीस करत नाही, जागाही मोठी मागते. त्यामुळे बड्या कंपन्यांचे माफीनामे मी बातमी म्हणून नाही, कॉपी म्हणून वाचतो.

फेसबुकचा २०१८ चा घ्या. १७ मार्चला केंब्रिज अ‍ॅनालिटिकाचं प्रकरण फुटलं: एका क्विझ अ‍ॅपमधून ते घेणाऱ्यांची आणि त्यांच्या फेसबुकवरच्या मित्रांचीही माहिती निवडणूक प्रचाराचं काम करणाऱ्या या फर्मकडे गेली होती. आदल्या रात्रीच कंपनीने त्या फर्मला निलंबित केलं होतं, म्हणजे बातमी येतेय हे ठाऊक होतं. तरी झुकेरबर्ग तोंड उघडतात २१ तारखेला. तोवर कंपनीचा हेका एकच: डेटा फुटला म्हणू नका, लोकांनीच अ‍ॅपला परवानगी दिली होती. भारतात ते अ‍ॅप घेणारे होते ३३५. माहिती गेली असण्याची शक्यता मात्र ५,६२,४५५ जणांची. दोन्ही आकडे कंपनीचेच.

मग २५ मार्चला अमेरिका-ब्रिटनच्या पेपरांत पानभर जाहिरात, झुकेरबर्गच्या सहीने. विश्वासाला तडा गेला, तेव्हा आम्ही पुरेसं केलं नाही, माफ करा. कॉपी झकास. पण केंब्रिज अ‍ॅनालिटिकाचं नाव नाही, निवडणुकीचा शब्द नाही. दोष ‘विद्यापीठातल्या एका संशोधकाने बनवलेल्या क्विझ अ‍ॅप’चा. मानलं बुवा!

मागे इथल्या एका कोचिंगवाल्याने शाखा मध्येच बंद केली. पालक फी मागायला लागले, बोभाटा झाला, तसा हा माझ्याकडे आला. मी मसुद्यात फी परतीची तारीख टाकली. त्याने पेन घेऊन नेमकी तीच ओळ खोडली. “ते फीचं राहू द्या ना बाप्पा, टॉपर पोरायचे फोटो टाका.” टाकले. पैसे घेतले होते मी.

फेसबुकचा टॉपर होता गणेश. डिसेंबर २०१५ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, लोकांना विचारलं होतं की वेगवेगळ्या वेबसाइटसाठी मोबाइल कंपन्यांनी वेगवेगळा दर लावावा का? रोकडा सवाल. कारण ‘फ्री बेसिक्स’ या योजनेत फेसबुकच्या चौकटीतल्या मोजक्या साइट फुकट, बाकी इंटरनेटला पैसे, तेही एकट्या रिलायन्स कम्युनिकेशन्सवर. २८ डिसेंबरला फ्री बेसिक्सची बाजू मांडणारा झुकेरबर्ग यांचा लेख आला. त्यात महाराष्ट्रातला गणेश नावाचा शेतकरी: हवामान बघतो, बाजारभाव बघतो, आता नवं पीक आणि जनावरांत पैसा घालतोय. त्याचं भलं झालं तर इंटरनेटचं काय बिघडलं? अहो, भाव कळल्याने भाव मिळत असता तर कळमन्याच्या बाजारात लिलावाच्या वेळी संत्रेवाल्यांचे चेहरे वेगळे दिसले असते. पण तो मुद्दा सोडा. विचारलं होतं दराबद्दल, उत्तर आलं गणेशचं.

सोबत होर्डिंगं, पानभर जाहिराती, आणि एका क्लिकवर ट्रायला जाणारा तयार ईमेल. असे ईमेल लाखांनी गेले. त्यात ट्रायच्या प्रश्नांची उत्तरंच नव्हती! जानेवारीत ट्रायने कंपनीला खरमरीत पत्र लिहिलं: सल्लामसलतीचं तुम्ही घडवून आणलेलं, बहुमताच्या जोरावरचं ढोबळ मतदान करून टाकलंत. सरकारी पत्रात इतकी धार क्वचितच दिसते. ८ फेब्रुवारी २०१६ ला वेगवेगळ्या दरांवर बंदी आली आणि त्याच आठवड्यात फ्री बेसिक्स भारतातून गेलं. वर कंपनीच्या संचालक मंडळावरचे मार्क अँड्रीसन ट्विटरवर बोलून गेले की वसाहतवादाच्या विरोधानेच भारतीयांचं आर्थिक वाटोळं केलं. मग त्यांचा वेगळा माफीनामा, आणि झुकेरबर्ग यांची ‘ते आमचं मत नाही’ अशी वेगळी पोस्ट.

एवढी पानं घेऊन हरलेली पार्टी माझ्या तरी पाहण्यात दुसरी नाही. ज्या एजन्सीने ती बुक केली, तिचं कमिशन मात्र पक्कं सुटलं असणार.